शकु वरठाची मुकादमी

शकु वरठा छप्पन्नाव्या वर्षी मुकादम झाली. ज्यांनी तिला मुकादम केलं, त्यांना आपण नेमकं काय करतोय याचा पत्ता नव्हता. तो लागला तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या.

बोरिवली पूर्वेला जंगलाच्या कुंपणाला चिकटून उंबरपाडा आहे. पंचवीसेक घरं, सगळी वारल्यांची. एका अंगाला सागाचं रान आणि दुसऱ्या अंगाला बावीस-बावीस मजल्यांचे टॉवर. शकुचं घर टॉवरच्या बाजूला. दारात तिच्या सासऱ्याने लावलेलं बांबूचं दांडगं बेट. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगी चेतना स्टेशनजवळ चष्म्याच्या दुकानात काउंटरला.

शकुने एकतीस वर्षं ठेकेदाराकडे बागकाम केलं. आज या सोसायटीत, उद्या त्या. पानं झाडायची, आळी करायची, रोपं लावायची, कुणाच्या पोराने उपटली की परत लावायची. या एकतीस वर्षांत तिच्या डोक्यावरून अकरा मुकादम गेले. एक होता तो प्रत्येक झाडाला 'शो' म्हणायचा. 'तो शो इकडे लाव, तो शो काढून टाक.' एक सकाळपासून शिट्टी तोंडात धरून असायचा आणि ती कधीच वाजवायचा नाही. एकाला गवताची ॲलर्जी होती. अकराही जणांत दोनच गोष्टी सारख्या होत्या. त्यांतल्या कुणी कधी कुदळीला हात लावला नाही, आणि त्यांचं सगळ्यांना ऐकावं लागायचं.

दोन वर्षांपूर्वी ठेका बदलला. नव्या माणसाने पन्नाशीच्या आतल्याच बायका घेतल्या आणि शकु घरी बसली. बसली म्हणजे काय, दारात भेंडी, पडवळ, काकडी लावून त्यांच्यावर ओरडत बसली.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी अनिरुद्ध पाड्यात आला. तिशीचा, दाढीवाला, अंगात खादीचा सदरा. साकीनाक्याला त्याचा वस्तू डिझाइन करायचा स्टुडिओ होता. आठवड्यापूर्वी तो चेतनाच्या दुकानात चष्मा करायला गेला होता. बोलता बोलता चेतना वारली आहे हे त्याला कळलं आणि त्याचा चेहरा असा उजळला, की चेतनाला वाटलं याला नंबरच चुकीचा लागलाय.

त्याचं काम असं होतं. परदेशातली एक मोठी संस्था शहरातल्या कचऱ्यावरच्या प्रकल्पाला मदत देणार होती. अनिरुद्धकडे कल्पना होती, कॉम्प्युटर होते, एक सोसायटीही तयार होती. फक्त संस्थेची अट होती की प्रकल्प आदिवासी नेतृत्वाखाली चालायला हवा.

"कसला प्रकल्प?" शकुने विचारलं. ती शेवग्याचा पाला निवडत होती.

"चक्राकार अर्थव्यवस्थेचा," अनिरुद्ध म्हणाला.

शकुने चेतनाकडे बघितलं.

"जिथून जे निघतं ते परत तिथेच जातं, वाया नाय जात," चेतनाने सांगितलं.

"मग त्याला नाव कशाला ठेवलंय?"

अनिरुद्धने हे मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मग कागद पुढे केले. चेतनाने सगळे वाचले आणि म्हणाली, "आये, तुला प्रमुख करतायत. प्रत्येक टप्प्यावर तुझी सही लागेल. महिन्याला मानधन हाय."

"प्रमुख म्हणजे मुकादम?"

अनिरुद्ध जरा घोटाळला. "तसंच काहीसं."

"मुकादमाचं ऐकायला लागतं."

"हो, अर्थात," अनिरुद्ध म्हणाला. या 'अर्थात'बद्दल तो पुढे दीड वर्ष हळहळत होता.

शकुने पाला बाजूला ठेवला, हात पुसले आणि सही केली. सही करायला तिला वेळ लागायचा, पण ती अक्षर न अक्षर सुटं काढायची.

पहिली बैठक साकीनाक्याला. खाली पत्रे कापायचं वर्कशॉप आणि वर माडीवर अनिरुद्धचा स्टुडिओ. खालचं मशीन चाललं की वरचे कप बशीत नाचायचे. शकु चेतनाला घेऊन गेली. तिथल्या चार पोरापोरींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तिच्यासमोर गेरूने सारवलेला फळा ठेवला, वाटीत पांढरा रंग दिला आणि बांबूची काडी दिली.

"काय करू?" शकुने विचारलं.

"तुमच्या मनात येईल ते काढा, ताई," अनिरुद्ध म्हणाला.

शकुला चित्र काढता येत नव्हतं. भिंतीवर लग्नाचा चौक लिहायला पाड्यात दुसऱ्या बायका होत्या. शकुला एकदा लिहायला बसवलं होतं तेव्हा तिचा घोडा बघून नवरदेव हसला होता. टोपलीही तिला विणता येत नव्हती. हे सगळं तिने सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नव्हतं. तिने काडी बुडवून एक वेडीवाकडी रेघ मारली, तिला चार पाय काढले आणि काडी ठेवून दिली.

"वा," एक पोरगी हळूच म्हणाली. "किती मोकळी रेषा आहे."

"शेळी हाय," शकु म्हणाली. "मुकादम कधी रंग लावतो काय? कामाचं दाखवा."

कामाचं म्हणजे कचऱ्याचा डबा. अनिरुद्धने आठ महिने खपून तो केला होता. प्लास्टिकचा, पण बांबूसारखा दिसणारा, बाहेरून नाचणारी वारली माणसं छापलेली. आत एक यंत्र होतं, ते डबा भरला की मोबाइलवर कळवायचं.

शकुने डबा उचलून बघितला, उलटा केला, तळावर बोटं वाजवली. "पाणी कुठून जाणार?"

"पाणी आतच राहतं."

"मग सडेल. कुजणं वेगळं आणि सडणं वेगळं. डबा किती टिकतो?"

"शंभर वर्षं," अनिरुद्ध अभिमानाने म्हणाला.

"एवढा कशाला? तू तरी हायस काय शंभर वर्षं?" तिने डबा खाली ठेवला. "हा नको."

खालचं मशीन नेमकं तेव्हाच थांबलं होतं, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू आलं. अनिरुद्धने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्याने कागद काढून वाचले. प्रमुखाच्या सहीशिवाय पहिला टप्पा पुढे सरकत नव्हता. ते कलम त्यानेच टाकलं होतं, संस्थेला बरं वाटावं म्हणून.

संस्थेला कळवणं भाग होतं. त्याने इंग्रजीत मेल लिहिला: प्रकल्पप्रमुखांनी टिकाऊपणाच्या रूढ कल्पनेलाच मूलभूत आव्हान दिलं आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. संस्था भारावून गेली होती.

सोसायटीचं नाव हरितवैभव. उंबरपाड्यापासून चालत दहा मिनिटं. शकुने तिथे चार वर्षं पानं झाडली होती, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. तिला बघायचं होतं कोण ओळखतं.

वॉचमन धोंडिरामने लगेच ओळखलं. तो मूळचा सावंतवाडीकडचा. "गो शकु, तू हंयसर खंय?" म्हणत त्याने छोटं गेट उघडलं.

"मोठा गेट उघड," शकु म्हणाली. "मी मुकादम हाय."

धोंडिरामने तिच्याकडे बघितलं, मागे उभ्या अनिरुद्धकडे बघितलं आणि गाड्यांचं मोठं गेट दोन्ही बाजूंनी सताड उघडलं. शकु मधोमध चालत आत गेली. चार वर्षं ती कचऱ्याच्या खोलीशेजारच्या मागच्या दारानेच आली-गेली होती. पुढून बाग अशी दिसते हे तिला पहिल्यांदाच कळलं. मागून बरी दिसायची, असं तिचं मत पडलं.

सेक्रेटरी चंद्रप्रकाश मेहता लिफ्टजवळ गुच्छ घेऊन उभे होते. कापडाच्या धंद्यातून निवृत्त झालेले, गोरेगोमटे, सगळं नेटकं लागणारे. शकुला बघून ते सवयीने म्हणाले, "मावशी, पाठच्या साइडने..." आणि गुच्छ अनिरुद्धच्या हातात दिला. अनिरुद्धने तो शकुला दिला. मेहतांचे कान लाल झाले.

शकुने गुच्छ बगलेत मारला आणि कामाला लागली. मागच्या बाजूला काळ्या पिशव्यांची रास होती. तिने एक फाडली. आत बदाम, बहावा आणि पेल्टोफोरमची सुकी पानं. पलीकडे खतमातीची पोती रचलेली.

"ही पानं कुठे जातात?"

"ट्रक घेऊन जाते."

"आणि ही माती कुठून येते?"

"ट्रक घेऊन येते," मेहता म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले.

"तुझ्याच झाडाची पानं तू बाहेर पाठवतोस आणि माती करून आणतोस," शकु म्हणाली. "पानं ठेव ना. ती बसल्या जागी माती होतात."

मेहतांना चाळीस वर्षांत आईखेरीज कुणी 'तू' म्हटलं नव्हतं. अनिरुद्धने घाईघाईने खुलासा केला की वारली भाषेत सगळ्यांना तूच म्हणतात, तुम्ही म्हणायला निदान दोन माणसं लागतात.  त्या संध्याकाळी मेहतांनी घरी बायकोला ही हकिगत दोनदा सांगितली, आणि दुसऱ्या वेळी ते जरा हसलेसुद्धा.

शकुची योजना सोपी होती. मागच्या कोपऱ्यात दोन खड्डे. प्रत्येक मजल्यावर बांबूची टोपली, आतून शेणामातीचा लेप, तळाला सुकी पानं. स्वैपाकघरातलं ओलं त्यात टाकायचं, वर मूठभर पानं भुरभुरायची. सकाळी टोपली खड्ड्यात रिकामी करायची. अळ्या खायला आणि खत उकरायला कोंबड्या. जे होईल ते बागेत.

"छान," अनिरुद्ध म्हणाला. "टोपल्या पंधरा दिवसांत होतील?"

"दिवाळीनंतर."

"ताई, आता मे महिना आहे."

"म्हणून तर. आता पाऊस येणार, बेटाला कोंब फुटणार. त्यात बांबू तोडला तर भुंगा लागतो, पीठ होतं त्याचं. दिवाळी झाली की अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा. तोही तीन पावसाळे बघितलेला, कवळा नाय."

"ऑगस्टमध्ये पहिला अहवाल द्यायचा आहे."

"मग सांग त्यांना. बांबूला पाऊस लागलाय."

अनिरुद्धने त्या दिवशी पुन्हा मेल लिहिला. त्यात बांबूला पाऊस लागल्याचं 'स्थानिक पर्यावरणीय पंचांगानुसार नियोजन' झालं. उत्तर आलं की संस्थेने अहवालाची तारीख जानेवारीत ढकलली आहे, आणि असं नियोजन इतर देशांतल्या प्रकल्पांनीही करावं असं कळवलं आहे. अनिरुद्धने ते शकुला वाचून दाखवलं. "शहाणी माणसं दिसतात," ती म्हणाली.

तोवर खड्डे आणि कोंबड्या करायच्या होत्या. खड्डे झाले. कोंबड्यांवरून मात्र सोसायटीची सर्वसाधारण सभा बोलवावी लागली, कारण हरितवैभवात अंडंही कुणी उघडपणे आणत नसे.

सभा क्लबहाउसमध्ये भरली. एकाने विचारलं, कोंबडी पाळणं म्हणजे मांसाहार होतो का. दुसरा म्हणाला, पाळणं होत नसेल, पण कोंबडी अळ्या खाणार, म्हणजे सोसायटीच्या जागेत सोसायटीच्या संमतीने हिंसा होणार. तिसऱ्याने पोपट पाळलेला होता, त्याला स्वतःचीच काळजी पडली. तासभर हे चाललं. शकु मागे खुर्चीवर बसून चहा पीत होती. शेवटी मेहतांनी तिला बोलायला सांगितलं.

ती उठली. "मी कोंबडी तुम्हाला खायला देत नाय," ती म्हणाली. "ती तुमच्या घरचं खाणार. तुम्ही तिचं काय खाऊ नका."

 ठराव पास झाला. अंडी पाड्यात जातील आणि कोंबडा आणायचा नाही, या दोन अटींवर. दुसरी अट एकोणिसाव्या मजल्यावरच्या बाईंची होती, त्यांची झोप सावध होती.

"कोंबडा नायच," शकुने सभेला सांगितलं. "मला पिल्लू बघून कळतं."

तिने सहा पिल्लं आणली, उचलून उचलून बघितली आणि सगळ्या माद्या असल्याचं जाहीर केलं. पावसाळ्यात पत्र्याखाली त्या वाढल्या, खड्डे उकरून उकरून खत मोकळं करू लागल्या. मजल्यांवर अजून टोपल्या नव्हत्या, तरी लोक हातात भाजीची देठं घेऊन खाली येऊ लागले. मुलांपेक्षा आजोबाच जास्त. सहाही कोंबड्यांना नावं पडली. त्यांतली मोठी, लालसर मानेची, तिचं नाव सोनल.

सप्टेंबरच्या एका पहाटे साडेपाचला सोनल आरवली.

एकोणिसाव्या मजल्याचा फोन मेहतांना गेला, मेहतांचा अनिरुद्धला आणि अनिरुद्धचा शकुला. शकुने येऊन बघितलं. लाल तुरा, वाकडी पिसं, टाचेला नखी फुटू लागलेली. एकदा बघितल्यावर कुणाच्याही लक्षात आलं असतं.

"कोंबडीपण आरवते कधी कधी," शकु म्हणाली.

चार दिवस ती हेच म्हणत राहिली. पाचव्या दिवशी सोनल भिंतीवर उभी राहून अशी आरवली की जंगलातून उत्तर आलं. संध्याकाळी खाली वीसेक माणसं जमली. एकोणिसाव्या मजल्यावरच्या बाई डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन पुढे उभ्या. शकु आली. तिच्या अकरा मुकादमांपैकी एकानेही कधी चूक कबूल केली नव्हती. त्यामुळे हे कसं बोलतात, उभं राहून की बसून, हात कुठे ठेवून, तिला काही माहीत नव्हतं. ती पायरीवर बसली, परत उठली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "पिल्लं बघताना घाई केली. कोंबडाच हाय तो."

 मग त्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या बाईच म्हणाल्या, "जाऊ दे गं. पण आज ने त्याला."

सोनलला न्यायला पिशवी नव्हती, टोपली तर नव्हतीच. मेहतांनी स्वतःहून गाडी काढली. शकु मागच्या सीटवर, मांडीवर कोंबडा, एसी चालू. मेहता आरशातून बघत होते.

"सीटवर काही करणार तर नाही ना?" त्यांनी विचारलं.

"करील," शकु म्हणाली. आज खरंच बोलायचं तिने ठरवलं होतं.

उंबरपाड्याच्या तोंडाशी रस्ता संपला. मेहता त्या टॉवरमध्ये चौदा वर्षं राहत होते, पण पाड्यात कधी आले नव्हते. सोनलने उतरताच दोन कोंबड्यांच्या मागे धाव घेतली. मेहतांनी शकुच्या दारात बसून पाणी घेतलं, बांबूचं बेट बघितलं, त्यात वाऱ्याने होणारा आवाज ऐकला आणि विचारलं, "यातूनच टोपल्या होणार?"

"ह्यातूनच. तू ये तेव्हा. काम शिकशील."

टोपल्या विणणार होता शकुचा दीर जयवंत. पाड्यात ते काम येणारा तोच एक उरला होता. अतिशय सावकाश काम करणारा आणि त्याहून सावकाश बोलणारा. वहिनी मुकादम झाली हे त्याला पहिल्या दिवसापासून लागलं होतं. दिवाळी झाली, अंधारा पंधरवडा आला, बांबू तोडून झाले, आणि जयवंत हात बांधून बसला.

"हुकमावर विणणार नाय," तो म्हणाला.

शकुने त्याला समजावलं, मग ओरडली, मग त्याच्या आवडीचं सुक्या मासळीचं कालवण करून घातलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी तिने अनिरुद्धला बोलावून त्याच्यासमोर बसवलं.

"तुला काय पाहिजे?" अनिरुद्धने विचारलं.

जयवंतने बराच विचार केला. "हिच्याकडे गळ्यात घालायचं कार्ड हाय. फोटोवालं."

दोन दिवसांत कार्ड आलं: जयवंत वरठा, मुख्य कारागीर. त्याने ते गळ्यात घातलं आणि कोयता हातात घेतला. आंघोळीला जातानाही तो ते काढत नसे.

आता शकुने मुकादम म्हणून सगळ्यात मोठा हुकूम काढला. टोपली ज्यांना वापरायची आहे त्यांनी निदान एक विणायची. त्याशिवाय मजल्यावर टोपली मिळणार नाही. हरितवैभवातून माणसं पाड्यात येऊ लागली. आधी कुरकुरत, मग सतरंज्या घेऊन. अनिरुद्धच्या बोटांत बांबूच्या इतक्या बारीक शिळका घुसल्या की त्याला कॉम्प्युटरचा माउस धरवेना. त्याची पहिली टोपली जयवंतने उजेडाला धरली, तिच्यातून पलीकडचं झाड बघितलं आणि म्हणाला, "चाळण बरी हाय."

मेहता मात्र रोज येत. कापडाच्या धंद्यात त्यांनी उभे-आडवे धागे आयुष्यभर पाहिले होते. आठव्या दिवशी त्यांची टोपली उभी राहिली. ती त्यांनी मजल्यावर ठेवायला दिली नाही, दिवाणखान्यात ठेवली. शकुने वर जाऊन ती स्वतः उचलून बाहेर आणली.

"शोभेला नाय," ती म्हणाली. मेहतांनी जड मनाने तिच्यात पहिली दुधीची सालं टाकली.

डिसेंबरात टोपल्या सुरू झाल्या आणि काळ्या पिशव्या बंद झाल्या. होळीपर्यंत खतमातीचा ट्रक यायचा थांबला. बागेत शकुने भोपळे लावले. अहवाल गेला, संस्था खूश झाली, आणि जुलैमध्ये पाहणीला दीप्ती आली. दीप्ती संस्थेची अधिकारी, मूळची पुण्याची, बोलायला नेमकी, हातात फॉर्म.

ती आली तेव्हा टोपल्यांना सात-आठ महिने झाले होते आणि पाऊस ऐन भरात होता. निम्म्या टोपल्यांचे तळ गळून गेले होते. पाचव्या मजल्यावर तिने एक उचलली तर कडं हातात आलं आणि बाकीचं खाली राहिलं.

"या खराब झाल्या?" तिने विचारलं.

"झाल्या," शकु म्हणाली. "आता ह्यापण खड्ड्यात जाणार. खाली घातल्या की वरचं खत मोकळं राहतं."

दीप्तीने फॉर्मवर बघितलं. "इथे टिकाऊपणा लिहायचाय. वस्तू किती काळ टिकते?"

"आठ महिने."

"फक्त?"

"शंभर वर्षं टिकली तर जयवंतने काय करायचं?" शकुने विचारलं. जयवंत शेजारीच होता. त्याने कार्ड सरळ केलं.

दीप्ती हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "ताई, मला हे पटतं. पण अडचण सांगते. संस्थेला पुढच्या वर्षी हे शंभर सोसायट्यांत न्यायचंय. दर आठ महिन्यांनी चार हजार टोपल्या. वर एखादा लेप दिला तर पाच वर्षं टिकतील."

"लेप दिला तर कुजणार नाय."

"नाही कुजणार."

"मग डबाच झाला तो. अनिरुद्धकडे एक हाय तयार."

अनिरुद्ध छताकडे बघत होता.

"लेप नाही, तर चार हजार टोपल्यांचा बांबू कुठून आणायचा?" दीप्तीने विचारलं.

"माझ्या बेटात वर्षाला साठ टोपल्या हायत. जास्त तोडला तर बेट बसतं. शंभर सोसायट्यांना पाहिजे तर शंभर बेटं लावा. जागा हाय सगळ्यांकडे, नुसतं लॉन हाय."

"आणि ती बेटं तोडायला कधी येतील?"

"चार वर्षं. पाच म्हण."

दीप्तीने खूप वेळ लिहिलं. संस्थेचा प्रकल्प दोन वर्षांचा होता. जाताना तिने शकुचा हात हातात घेतला आणि तिला खरंच वाईट वाटतंय असं शकुला वाटलं. शकुने तिला एक भोपळा दिला. पुण्यापर्यंत तो मांडीवर घेऊन जाते, असं दीप्ती म्हणाली.

सप्टेंबरात पत्र आलं. चेतनाने वाचून दाखवलं. प्रकल्प यशस्वी झाला होता, त्यातून फार मोलाचं शिकायला मिळालं होतं आणि तो बंद होत होता. शकुने पत्र मांडीवर उलटंसुलटं केलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. कार्ड परत द्यावं लागेल का, एवढंच तिने विचारलं. तसं पत्रात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला हरितवैभवात गेली. टोपल्या होत्या, पानं होती, खड्डा होता. पत्राने त्यांतलं काहीच बंद झालं नव्हतं. मेहतांनी पंधरा दिवसांत सभा घेऊन तिची आणि जयवंतची नेमणूक सोसायटीकडून केली. सभेत विरोध एकाचाच झाला, पोपटवाल्याचा. पण तो आता प्रत्येक गोष्टीला विरोध करत होता.

अनिरुद्धचा स्टुडिओ दुसऱ्या कामाला लागला, रुग्णालयातल्या खुर्च्यांच्या. पण रविवारी तो स्कूटर घेऊन पाड्यात येतो. त्याच्या टोपलीतून आता पलीकडचं झाड दिसत नाही, फांद्या दिसतात. नंतर शकु त्याच्या मागे बसते आणि दोघं फेरीला निघतात. कारण मेहतांनी मुलुंडच्या बहिणीला सांगितलं, बहिणीने घाटकोपरच्या विहिणीला, आणि या पावसाळ्यात बांबूची सहा नवी बेटं लागली. प्रत्येक ठिकाणी शकु मोठ्या गेटने आत जाते, माती मुठीत घेऊन दाबून बघते आणि कुणाला तरी पाणी जास्त घातल्याबद्दल झापते.

परवा मुलुंडला तिथले सेक्रेटरी तिची वाटच बघत होते. "ताई, काही वाढत नाही हो. आम्ही रोज बघतोय."

"लावून किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

शकुने कोंबाकडे बघितलं, सेक्रेटरीकडे बघितलं. माणूस साठीचा होता, तब्येत बरी दिसत होती.

"रोज नको बघू," ती म्हणाली. "लाजतं ते. तोवर चल, तुझी पानं कुठे टाकतोस ते दाखव."